वेळ नव्हता तेव्हा प्रार्थना होत होती, आता का होत नाही?

नगरची सिस्टर

सगळ्यांना सलाम. आजवर इथे नुसतं वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. नातवाने फोनवर मराठी लावून दिलंय, चुका पोटात घाला.

वय ६९. मिशनच्या दवाखान्यात ३४ वर्षं नोकरी केली. सिस्टर म्हणजे नर्स हं, मठातली नव्हे; वसईकडचे लोक गोंधळतात म्हणून सांगितलं. आता पुण्यात मुलाकडे असते, नवव्या मजल्यावर. साडेआठला सगळे बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला उगवतात. मधल्या वेळात घरात फ्रिजचा आवाज आणि मी.

नोकरीत असताना प्रार्थनेला म्हणून वेळ कधी मिळालाच नाही. सकाळी चार्ज घेताना वॉर्डात पाच मिनिटांची प्रार्थना असायची, तीही धड व्हायची नाही. डोळे मिटले की कुणाचा तरी नातेवाईक दारात उभा, "सिस्टर, सलाईन संपत आलंय." आमेन मी कितीदा सलाईनच्या स्टँडपाशी म्हटलंय! पण दिवसभर आत काहीतरी चालू असायचं. ट्रॉली ढकलताना, ड्रेसिंग करताना, बेड नंबर सातच्या आजीला कूस बदलून देताना. "प्रभू, हिला आजची रात्र काढू दे." एवढंच. मनाशी म्हणायचे, रिटायर झाले की नीट बसून प्रार्थना करीन.

आता नीट बसते. पहाटे पाचला उठते, चहा घेते, शास्त्र म्हणजे बायबल उघडते. मोतीबिंदू काढल्यापासून अक्षर दिसतं पण ओळ सरकते, म्हणून भिंग घेते. एक अध्याय होतो. मग डोळे मिटते, आणि काही नाही. भिंतीशी बोलल्यासारखं. कालच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं का, तेच आठवत राहतं.

हे होते तेव्हा असं नव्हतं. ह्यांनी नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं उपासनेला पेटी वाजवली. रात्री जेवणं झाली की ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन व्हायचं, हे पेटीवर आणि मी भांडी घासता घासता. हे गेले त्याला येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. पेटी माझ्या पलंगाखाली आहे, जुन्या साडीत गुंडाळलेली.

इथल्या मंडळीतल्या एका बाईंनी मला फ्रेम भेट दिली, ४६ व्या स्तोत्रातलं "शांत राहा" हे वचन. हॉलमध्ये लावलीय. अजून किती शांत होऊ? घरात शांततेशिवाय दुसरं काही नाहीच, आणि तिच्यात देव सापडत नाही. मंडळीत हे बोलायची सोय नाही, लगेच मला मधे बसवून माझ्यासाठी प्रार्थना सुरू करतील. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का?

पानवेलवाला, वसई

सिस्टर, नमस्कार. गोंधळलो होतो खरा, नाव वाचून वाटलं कॉन्व्हेंटमधल्या असाल. वय ७३, कॅथलिक. आमच्याकडे लहानपणी देवळाची संध्याकाळची घंटा झाली की वाडीतलं काम थांबायचं, आणि जेवणाआधी सगळं घर रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, बसायचं. आजी पुढे म्हणायची, आम्ही मागून. माळेचे पाच भाग, त्यांना दशकं म्हणतात, प्रत्येकात दहा वेळा नमो मरिया ही प्रार्थना. दुसऱ्या दशकात मी पेंगायला लागायचो, तरी बोटं मणी सरकवत असायची.

अजूनही तसंच आहे. तिसऱ्या रहस्यापाशी, म्हणजे तिसऱ्या दशकाशी, मला हटकून पंपाची आठवण येते, बंद केला की नाही. पण हातात मणी असतो, त्यामुळे परत कुठे यायचं ते कळतं. तुमचं वाचून वाटलं, तुमची प्रार्थना हातांतून व्हायची. ट्रॉली, ड्रेसिंग, भांडी. आता हात रिकामे. त्यांना काहीतरी द्या. माळच पाहिजे असं नाही, मेथी निवडा.

सत्यवचन

रोझरी शास्त्रात कुठे आहे? अध्याय आणि वचन द्या. प्रार्थनेत व्यर्थ बडबड नको असं प्रभूने स्वतः सांगितलं आहे, मत्तय ६:७ पाहा. ताईंना भलत्या मार्गाला लावू नये.

पानवेलवाला, वसई

पेटीपण शास्त्रात नाही, भाऊ. मेथीही नाही.

दादरची मामी

भांडण नको. सिस्टर, राग मानू नका, पण तुम्हाला देवाची आठवण येत नाहीये, ड्यूटीची येतेय. मी बँकेत होते. रिटायर झाल्यावर वर्षभर मलाही वाटायचं की आपला विश्वास उडाला. विश्वास बिश्वास काही उडाला नव्हता. "मॅडम, जरा बघता का" असं कुणी म्हणत नव्हतं, ते टोचत होतं. बेड नंबर सातच्या आजीचं तुमच्यावाचून अडत होतं. देवाचं अडत नाही, आणि तेच तुम्हाला सोसत नाहीये.

ठाण्याची नर्स

मीपण नर्सच, म्हणून सरळ विचारते. झोप किती? पहाटे तीनला जाग येते का? वजन उतरलंय का? दुपारी एकट्या असताना काय जेवता, की चहा-बिस्किटावर भागवता? एचबी (हिमोग्लोबिन) आणि थायरॉईड शेवटचं कधी तपासलं? माणूस गेल्यावरचं दुःख दोन वर्षांत संपतंच असं नाही, आणि उदासपणाला पुष्कळदा आपण अविश्वास समजतो. पेशंटला जे सांगितलं असतं ते स्वतःला सांगा. डॉक्टरांकडे जाऊन या, मग स्तोत्रं बघू.

निवृत्त पाळक, सोलापूर

सिस्टरबाई, सलाम. वय ८१, एका बोटाने टाईप करतो, म्हणून उशीर झाला.

आधी ठाण्याच्या ताईंचं ऐका. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने भाकर आणि पाणी आणून ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने परत उठवून परत खायला लावलं. देवाची ती मंद वाणी त्याने ऐकली ती फार पुढची, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोचल्यावरची. आम्ही पाळक मंडळी उपदेशात भाकर गाळतो आणि थेट वाणीवर जातो.

आता तुमची फ्रेम. ते वचन शांत घरासाठी नाहीच. त्याच्या आधीचं वचन वाचा, तिथे धनुष्यं मोडताहेत, भाले तुटताहेत, रथ जळताहेत. सगळा लढाईचा गोंगाट. आणि आपण "शांत राहा" म्हणतो तिथे मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ सैल सोडणं, हात खाली घेणं. तोंड मिटून बसा असं तिथे कुणी सांगत नाहीये. वसईकरांचं हातांना काम देणं मला पटलं, पण हे वचन हात सैल सोडायला सांगतं. दोन्ही कसं जमवायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

माझी गोष्ट सांगतो. ३८ वर्षं मी शास्त्र वाचलं ते रविवारसाठी. निवृत्त झाल्यावर कुठलंही वचन उघडलं की त्याचे आपोआप तीन मुद्दे पडायचे. ऐकायला समोर कुणी नाही, आणि मी मुद्दे पाडतोय. बायको म्हणायची, आता तुम्ही देवालाच उपदेश करायला लागलात. आपले टिळक १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, मिशनचं काम सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला गेले. दोनच वर्षं मिळाली, १९१९ मध्ये वारले. तरुणपणी मला ते मोठं धाडस वाटायचं. आता वाटतं, पगाराशी बांधलेली सेवा त्यांनाही जड झाली असेल. हा माझा तर्क, इतिहास म्हणून घेऊ नका.

मी अडकलो होतो तेव्हा १३१ वं स्तोत्र कामी आलं. तीनच वचनं आहेत, भिंग लावूनही दोन मिनिटांत होतील. त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ आहे. अंगावर पिणारं मूल आईकडे येतं ते दुधासाठी, रडतं, तोंड खुपसतं. दूध तुटलेलं नुसतं टेकून बसतं. वॉर्डात तुम्ही तासातासाला काहीतरी मागत होता, तेही दुसऱ्यांसाठी, त्यात वावगं काहीच नव्हतं. आता मागायला काही उरलं नाही म्हणून समोर भिंत वाटते. दूध तोडल्यावर मूल आधी चिडचिडच करतं, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं असेल.

नगरची सिस्टर

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

ठाण्याच्या ताई, तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. पेशंटला मी किती ओरडले असते! गोळ्या चालू आहेत. दुपारचं आता एकटी असले तरी ताट वाढून घेते, ओट्यापाशी उभ्याने खात नाही. आणि हो, जाग तीनलाच येते. तुम्हाला कसं कळलं ते विचारत नाही.

दादरच्या मामी, दोन दिवस तुमचा राग होता. मग तुम्ही लिहिलेलं परत वाचलं, आणि तिसऱ्यांदाही.

मेथी निवडून पाहिली. मेथी छान निवडली गेली. बाकी काही झालं नाही. पण वसईकर भाऊ, तुमचं वाचून कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले, त्याबद्दल आभार.

पाळकसाहेब, "हात सैल" वाचलं आणि मला माझ्या विद्यार्थिनी आठवल्या. नाडी बघायला मी शिकवायचे. तीन बोटं, हलकी ठेवायची. नव्या मुली घाबरून मनगट दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, लागत नाहीये." दाबलं की हरवतेच ती. आणि अंगठा लावायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, पेशंटची म्हणून आपण आपलीच मोजत बसतो. मामी, हे तुमच्यासाठी लिहिलं.

तीनला जाग आली की आता उठत नाही. मनगटावर तीन बोटं ठेवून पडून राहते. ह्यांचं घड्याळ उशाशी आहे. अंधारात काटा दिसत नाही, टिकटिक तेवढी येते. मोजत नाही, मागतही नाही. कधी झोप लागते, कधी कावळे ओरडायला लागेपर्यंत तशीच. ह्याला प्रार्थना म्हणायचं की नाही ते पाळकसाहेबांनी सावकाश सांगावं, मला घाई नाही.

पेटी परवा बाहेर काढली. भाता फाटलाय, दोन सूर नुसते फुसफुसतात. हडपसरच्या बाजूला पेटी दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? नातू म्हणतो ऑनलाइन नवी मिळते. नवी नकोय.