घरपट्टी-पाणीपट्टी वाढीला आपण विरोध का करतोय?

वेशीबाहेरचा (धागाकर्ता)

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेचं मतदान झालं, २१ ला निकाल लागले, इतक्या वर्षांचं प्रशासकराज एकदाचं संपलं. नवं सभागृह बसलं आणि बजेटच्या सभेत पहिलेच दोन विषय आले. पाणीपट्टी वाढवणे आणि चतुर्थ वार्षिक फेरआकारणी (दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवणं) लागू करणे. दोन्ही विषय दहा मिनिटांत तहकूब. एरवी घंटागाडीच्या ठेक्यावरून एकमेकांची कॉलर धरणारे सत्ताधारी आणि विरोधक इथे मात्र गळ्यात गळा घालून उभे होते.

आमची नगरपरिषद क वर्गाची, म्हणजे सगळ्यात छोट्या गटातली आहे. नाव मुद्दाम देत नाही. राज्यात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यातल्या बहुतेकांना ही गोष्ट आपलीच वाटेल.

माझं म्हणणं सरळ आहे. वाढ झाली पाहिजे आणि आपण तिला पाठिंबा दिला पाहिजे. नदीवरच्या जॅकवेलपासून टाकीपर्यंत पाणी चढवायचं वीजबिल दर महिन्याला येतं. ठेक्यावरच्या सफाई कामगारांचे पगार दोन-दोन महिने लटकतात. बारा वर्षांत पाणीपट्टीला कुणी हात लावलेला नाही. अर्धा इंची नळाला वर्षाची ठोक रक्कम, मग तुम्ही दोन हंडे भरा नाहीतर अंगणातली गाडी रोज धुवा.

आणि हेच आपण घरी जारचं पाणी मागवतो. तीस रुपयांचा एक जार रोज, म्हणजे महिन्याला नऊशे, वर्षाला दहा हजार आठशे. त्याबद्दल कुणाचा मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. पालिकेने वर्षाला पाचशे वाढवले की लगेच 'जनतेवर बोजा'.

बोला.

गाळा नंबर नऊ

जनतेवर बोजाच आहे. आधी थकबाकी वसूल करा, मग वाढीचं बोला. मार्च आला की ढोल-ताशा घेऊन वसुली पथक कुणाच्या दारात जातं? ज्याची थकबाकी चार हजार आहे त्याच्या. नळ कुणाचा तोडतात? त्याचाच. मंगल कार्यालयं, लॉज, शिक्षणसंस्था यांची यादी चौकात फ्लेक्सवर लावून दाखवा. फ्लेक्सचा खर्च मी देतो.

प्रामाणिकपणे भरणाऱ्याचाच खिसा दरवेळी सापडतो. फेरआकारणी झाली की त्याचंच बिल वाढणार, बुडव्याची फक्त थकबाकी वाढणार. वर अभय योजना आहेच. नगरपरिषदांच्या थकीत घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, ती माफ करायची तरतूद मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजूर केली. वेळेवर भरणाऱ्याला काय मिळालं? पावती.

वेशीबाहेरचा

फ्लेक्सला अनुमोदन. पण भाऊ, नाव 'गाळा नंबर नऊ' आहे म्हणून विचारतो. पालिकेच्या संकुलातल्या तुमच्या गाळ्याचं भाडं किती आणि समोरच्या खासगी बिल्डिंगमधल्या तेवढ्याच गाळ्याचं किती?

गाळा नंबर नऊ

वाटलंच होतं. भाडं कमी आहे, मान्य. पण अनामत आम्ही भरली तेव्हा त्या जागी उकिरडा होता, बाजार आम्ही बसवला. आजही संकुलाच्या मागचं गटार आम्ही वर्गणी काढून उपसतो. बाजारभावाने भाडं लावा म्हणणं सोपं आहे, मग लिलावात गाळे कोण घेणार? मोबाईलच्या साखळी दुकानवाले. गावातल्या माणसाने कुठे बसायचं?

जुना लेखापाल

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. नगरपरिषदांच्या लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, तुम्ही पेपरात वाचता ते 'शिलकी अंदाजपत्रक'. तूट दाखवायचीच नसते. त्यामुळे जमेची बाजू फुगवतात. सगळी जुनी थकबाकी यंदा वसूल होणार असं धरायचं, गाळ्यांच्या लिलावातून अमुक येणार असं धरायचं, आणि खाली काही हजारांची शिल्लक काढायची. खरी तूट कपाटात असते, न भरलेल्या बिलांच्या फायलीत. ठेकेदाराचं देयक, वीजबिल, निवृत्तांची देणी. ती पुढच्या वर्षात ढकलली जातात, तिथून त्याच्या पुढच्या.

दुसरी गोष्ट जकातीची. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. नाक्यावर रोज रोख पैसा यायचा, त्यात चोरीही भरपूर व्हायची, पण पैसा स्वतःचा होता. त्याबदली राज्याने सहायक अनुदान सुरू केलं. ते कधी येईल, किती कापून येईल, हे मुंबईत ठरतं. महापालिकांची जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला तेव्हा त्यांच्यासाठी २०१७ मध्ये कायदाच केला, ठरलेली नुकसानभरपाई, दरवर्षी आठ टक्के वाढीसकट. छोट्या गावांच्या वाट्याला तसा कायदा आला नाही. शहर मोठं तर हक्क, गाव छोटं तर अनुदान.

तिसरी, केंद्राचा वित्त आयोग. पंधराव्या आयोगाचा पैसा (२०२१ ते २६) आपल्यासारख्या गावांना मिळाला त्यातला साठ टक्के बंधित, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला चाळीस टक्के अबंधित म्हणायचा, पण त्यातून पगार करायचे नाहीत. म्हणून नवी घंटागाडी येते आणि चालवायला माणूस नसतो. शेडमध्ये टायर बसलेल्या गाड्या बघा कधी.

आता प्रश्न पाणीपट्टीचा. वाढवावीच लागेल. स्वतःच्या उत्पन्नाची दोनच मोठी दारं उरली आहेत, घरपट्टी आणि पाणीपट्टी. दोन्ही बंद करून घेतली तर नगराध्यक्ष मंत्र्यांच्या दालनाबाहेर फाईल घेऊन बसणार. थेट जनतेतून निवडून आलेला असला तरी.

वॉर्ड सात

काका, तुमचं सगळं वाचलं. आता माझं ऐका.

मी टेकडीवरच्या वस्तीत राहते. धागाकर्ते म्हणतात अर्धा इंची नळ, गाडी धुणं. त्यांच्याकडे पाणी दिवसाआड येतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी, तेही करंगळीएवढं. खालच्या पेठेत सगळ्यांनी नळाला मोटारी लावल्यात. व्हॉल्व्हमनने आमचा व्हॉल्व्ह उघडला की वर आधी वाराच येतो, फुस्स फुस्स. पाणी येईपर्यंत वेळ संपते. मग मी शेजारणीबरोबर टँकरच्या रांगेत. कामावर खाडा.

पाणीपट्टी मात्र दोघांना सारखीच. म्हणजे तुम्ही हजार लिटरचे जेवढे देता त्याच्या निदान दुप्पट मी देते. वाढ करा, दुप्पट करा हवी तर, पण आधी माझ्या नळाला पाणी आणा. आणि जार? जार आम्हालाही घ्यावा लागतो. हौस म्हणून नाही घेत.

गाळा नंबर नऊ

ताई, १०० टक्के सहमत.

वेशीबाहेरचा

ताई, मीटर लावायला मी एका पायावर तयार आहे. मीटर लागला की मोटारवाल्यांचं बिल आपोआप दिसेल. पण मीटरला पैसा लागतो आणि तो वाढीशिवाय येत नाही. हाच तर पेच आहे.

पुणे मुक्काम

पेच कसला? कराडजवळचं मलकापूर बघा. एवढंसं गाव, चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापराल तसा दर चढत जातो. लोक बिल भरतात. पंधरा वर्षांहून जास्त काळ झाला. जमतं, फक्त इच्छाशक्ती लागते. आपल्याकडे सभागृहात बसलेल्यांना पेव्हर ब्लॉकच्या पलीकडे काही दिसत नाही. चांगल्या डांबरी गल्लीवर ब्लॉक बसवायचे, दोन वर्षांनी ते उखडून दुसऱ्या रंगाचे.

माझा तर सल्ला आहे की पाणी, कचरा, दिवे सगळं खासगी कंपनीला देऊन टाका.

जुना लेखापाल

मलकापूरचं उदाहरण चांगलंय, पण पूर्ण सांगा. तिथे योजना राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाने उभी केली. आधी जलवाहिन्या, दाब, मीटर. पाणी आलं, त्यानंतर वापराप्रमाणे बिल. वॉर्ड सातच्या ताई जो क्रम सांगताहेत तोच तिथे पाळला गेला. इच्छाशक्ती होतीच, पण हातात भांडवलही होतं.

उलट उदाहरण मनमाडचं घ्या. वागदर्डी धरण आटलं की पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी. अशा गावात पाणीपट्टी मागायला गेलेल्या कारकुनाला दारात काय ऐकावं लागत असेल? शिवाय रेल्वेचं गाव. केंद्राच्या मालमत्तेवर घटनेच्या कलम २८५ मुळे घरपट्टी लागत नाही, फार तर सेवाशुल्क मागता येतं.

पेठेतला मोटारवाला

मोटारी आम्ही हौसेने लावल्या का? शेजाऱ्याने लावली म्हणून लावली. त्याने काढावी, मी काढतो.

बाकी एक विचारायचं होतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी २०२२ मध्ये माफ केली. आमचं घर साडेचारशे फूट आहे. आम्ही महाराष्ट्रात राहत नाही का?

वेशीबाहेरचा

मुंबई महापालिकेकडे हजारो कोटींच्या ठेवी आहेत, तिला ती चैन परवडते. आपल्याकडे ५०० फुटांखालची घरं वगळली तर उरेल काय? चार मंगल कार्यालयं आणि गाळा नंबर नऊ.

गाळा नंबर नऊ

😄 वसूल करा माझ्याकडून सगळं.

पुणे मुक्काम

कर्ज काढायचा पर्याय कुणी बोलत नाहीये. मोठ्या महापालिका रोखे काढतात. योजना एकदम उभी करायची, पाणी आणायचं, मग बिलातून फेडायचं.

जुना लेखापाल

जळगाव आठवा. नगरपालिका असताना हुडकोकडून (घरबांधणीला कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी) घरकुलं आणि इतर योजनांसाठी कर्ज उचललं. पुढे २००३ मध्ये महापालिका झाली, पण हप्ते सुटले नाहीत. बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली, आणि अखेर राज्य सरकारने मध्ये पडून तडजोड केली तेव्हा २०१९ उजाडलं होतं. घरकुलांच्या घोटाळ्याचा निकालही त्याच वर्षी लागला. कर्जाला माझा सरसकट विरोध नाही. पण ज्या पालिकेला मार्चमध्ये चालू वर्षाचीच मागणी वसूल करता येत नाही, तिने वीस वर्षांच्या हप्त्यावर सही करू नये.

खासगीकरणाबद्दल म्हणाल तर आपल्या गावातली सफाई आजही ठेक्यावरच आहे. ठेकेदाराचं बिल थकलं की तो आधी कुणाचा पगार थांबवतो, ते धाग्याच्या सुरुवातीलाच आलंय.

झाडू संघटना

धन्यवाद लेखापालसाहेब, कुणी तरी बोललं. मी ठेक्यावरच्या कामगारांचं काम बघतो. हातमोजे मागितले तर 'बजेट नाही', गमबूट मागितले तर 'पुढच्या टेंडरला'. भविष्य निर्वाह निधी कापतात, भरतात की नाही ते मोबाईलवर बघायला आम्ही पोरांना शिकवतोय. पैसा नाही म्हणून सगळ्यात पहिली काटकसर आमच्यावर होते, कारण आम्ही दोन दिवस काम बंद केलं तर गावच आमच्यावर ओरडतं, नगरपरिषदेवर नाही.

कचऱ्यातून पैसा येतच नाही असंही नाही. वेंगुर्ल्याने डंपिंगच्या जागेचं रूप पालटून दाखवलं, लोक ती जागा बघायला जातात. क वर्ग नगरपरिषदच आहे ती. पण तिथे घरातूनच वर्गीकरण होऊन कचरा येतो. इथे डायपर, नारळ, मटणाची हाडं एकाच पिशवीत. धागाकर्ते पाचशे रुपये वाढवून द्यायला तयार आहेत, त्यांनी दोन डबे ठेवले तरी आमचं अर्धं काम हलकं होईल.

वेशीबाहेरचा

दोन डबे आहेत. गाडीत दोन्ही एकत्र ओततात, त्याचं काय?

झाडू संघटना

गाडीला मधला पत्रा नाही. तीन वर्षं मागतोय.

पुणे मुक्काम

म्हणजे फिरून फिरून सगळं पैशावरच येतं. मग विरोध कशाला?

वॉर्ड सात

विरोध पैशाला नाही, आधी कुणाकडून घेता त्याला आहे. आधी मंगल कार्यालयं आणि गाळे. मग मोटारवाले. आम्ही शेवटी. आत्तापर्यंत क्रम उलटा चाललाय.

वेशीबाहेरचा

बरं, माझी भूमिका थोडी सरकवतो, पण सोडत नाही. फेरआकारणी आत्ताच लागू करा, कारण नव्या बांधलेल्या तीन मजली इमारती अजून जुन्या एकमजली घराची पट्टी भरताहेत. पाणीपट्टीची वाढ पेठेत मीटरसह सुरू करा. टेकडीवर दाबाने पाणी पोचेपर्यंत तिथे जुनाच दर. हा ठराव कुठल्या नगरसेवकाने मांडला तर मी सभागृहाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवीन.

गाळा नंबर नऊ

आणि गाळ्यांचं?

वेशीबाहेरचा

तुम्हीच सुचवा एक आकडा. आजचं भाडं आणि समोरचं भाडं यांच्या मधला.

गाळा नंबर नऊ

गाळेधारकांची बैठक घेऊन सांगतो. गटार उपसायचं लेखी देणार असाल तर.

जुना लेखापाल

वॉर्डनिहाय वेगळा दर लावला तर कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली ठराव तहकूब करून आणेल, हे आधीच सांगतो. तसा दर लावताच येत नाही असं नाही, पण ठरावात कारण नीट लिहावं लागेल. पुरवठ्याचे तास, दाब, दिवस. व्हॉल्व्हमनच्या नोंदवहीच्या प्रती जोडा. 'गरीब वस्ती' एवढंच लिहिलं तर टिकणार नाही.

वॉर्ड सात

काका, एक शंका. फेरआकारणीच्या मोजणीला एजन्सीची मुलं आली होती. माझं घर पत्र्याचं आहे, विटांच्या भिंती. नोटिशीत आरसीसी, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचं, लिहून आलंय. आणि मागची न्हाणीघराची ताडपत्री 'वाढीव बांधकाम'.

जुना लेखापाल

नोटिशीवर हरकतीची शेवटची तारीख आहे ती आधी बघा. साध्या कागदावर लिहा: मालमत्ता क्रमांक, बांधकामाचा खरा प्रकार, न्हाणीघराला छत नाही. छताचे आतून आणि बाहेरून फोटो जोडा. जुनी घरपट्टीची पावती जोडा, तिच्यावर बांधकामाचा प्रकार छापलेला असतो. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. सुनावणीला स्वतः जा, नगरसेवकावर सोडू नका. घरपट्टी ज्यावर ठरते ते भाडेमूल्य काढताना प्रकार चुकला तर पुढची चार वर्षं तेच बिल येईल.

वॉर्ड सात

आमच्या गल्लीत अकरा घरांना आरसीसी आलंय.

जुना लेखापाल

मग अकरा अर्ज वेगवेगळे द्या. एकत्र निवेदन दिलं तर ते निवेदनांच्या फायलीत जातं, हरकत म्हणून नोंदच होत नाही.