‘कूर्ट’ म्हणजे न्यायालय की दरबार? आणि ‘सेशन’चं काय करायचं?

शब्दखूण: आयर्लंडमधल्या गॉलवेत १९८५ पासून ‘कूर्ट’ नावाचा साहित्य महोत्सव भरतो. त्यावरचा लेख मराठीत आणतेय. आयरिशमध्ये कूर्ट म्हणजे न्यायालयही आणि राजदरबारही. मी ‘कवींचा दरबार’ केलं, संपादकांनी खोडून ‘काव्यसभा’ केलं. पबमध्ये वादक जमून पारंपरिक धुना वाजवतात, त्या ‘सेशन’ला ‘सत्र’ लिहिलंय, पण ते वाचून विधिमंडळच डोळ्यांपुढे येतं. सुचवा.

तळटीप: दरबार नकोच. अठराव्या शतकात मन्स्टरमधले, म्हणजे दक्षिण आयर्लंडमधले कवी जमत, त्या बैठकांनाही कूर्टच म्हणत. आश्रय देणारी सरदार घराणी लयाला गेली होती, राजा कुठला? तिथे वॉरंटाच्या नकलेवर कविता रचत, तिचं नाव ‘बारांटस’. सुरुवात थेट ‘ज्याअर्थी’ने, मग चोरीला गेलेल्या कोंबड्याचं वर्णन, शेवटी चोराला धरून आणायचा हुकूम. ‘सभे’त ही कायद्याची भाषा कुठे आहे?

पागोटे: मग ‘कचेरी’ घ्या. मामलेदाराची तीच, आणि तमिळमध्ये कच्चेरी म्हणजे गाण्याची बैठक.

शुद्धमती: तमिळमध्ये असेल. मराठी वाचकाला कचेरीत गाणं ऐकू येत नाही. ‘काव्यसभा’ स्वच्छ आहे, तोच ठेवा.

मध्यलय: कूर्टचं तुम्ही बघा, पण सेशनला कुणी ‘मैफल’ सुचवू नका. मैफलीत कलाकार श्रोत्यांसमोर बसतो. सेशनमध्ये वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, काहींची पाठ लोकांकडेच. रील ही नाचाची धून घ्या: दोन भाग, प्रत्येक ८ आवर्तनांचा, प्रत्येक दोनदा, म्हणजे ३२ आवर्तनं. हे सहसा तीनदा वाजवून न थांबता पुढच्या धुनेवर उडी. ती सुरू करणाऱ्याला ठाऊक असते, बाकीचे पहिल्या दोन-चार सुरांत ओळखून मिळतात. तिथेच कुणी टाळ्या पिटल्या की जोड निसटतो.

टाळकरी: म्हणजे भजनाची बैठकच की. ‘बैठक’ लिहा.

मध्यलय: भजनात टाळ कितीही चालतात. इथे बौरान, म्हणजे हातात धरायचा चामड्याचा ढोल, एकच बरा. दोन झाले की ठोके एकमेकांवर चढतात, खालचा घुमारा गढूळ होतो आणि फिडलवाल्याला लय सापडत नाही. नवख्याने आधी विचारायचं, हा रिवाज त्यासाठीच.

शुद्धमती: बौरान कशाला? ‘डफ’ म्हणा.

मध्यलय: डफ हातांनी वाजतो. बौरानला एका हातात छोटी लाकडी काठी, दुसरा हात मागून आत घालून बकऱ्याचं कातडं दाबायचं, त्यावर आवाज चढतो-उतरतो.

पागोटे: आणि आयरिश ‘बोधर’ म्हणजे बहिरा, आवाजाचा असेल तर दबका. संस्कृत ‘बधिर’चा सख्खा भाऊ. बौरान त्यातूनच आला, म्हणजे शब्द आपल्याच घरातला.

तळटीप: पहिलं नातं पक्कं, दुसरं नाही. धान्य पाखडायच्या कातडी ताटालाही बौरान म्हणत. वाद्य आधी की ताट, ते ठरल्याशिवाय बधिरपणा गळ्यात मारू नका.

शब्दखूण: लेख उद्या द्यायचाय. न्यायालय की दरबार?

टाळकरी: ‘बैठक’. दोन्हींना चालेल.

तळटीप: कूर्टला मुळीच चालणार नाही. ‘ज्याअर्थी’ गेलं की सगळंच गेलं.