शब्दचर्चा: ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ला वेतन म्हणावे की भत्ता?

शिरोरेघ
सैनिकांना कामाच्या मानाने योग्य पैसे मिळतात का, या विषयावरचा मजकूर मराठीत आणताना ‘मिलिटरी सर्व्हिस पे’पाशी अडले आहे. ‘लष्करी सेवा भत्ता’ म्हटले की मूळ पगारावर मिळणारी जादा रक्कम हे वाचकाला लगेच कळते. ‘लष्करी सेवा वेतन’ म्हटले तर हाच त्यांचा सगळा पगार, असा समज होईल. शिवाय शीर्षकात ‘रास्त’, ‘न्याय्य’ आणि ‘वाजवी’ यांपैकी काय बसेल?

लेखानियम
भत्ता अजिबात नको, त्याने अर्थच उलटतो. ही रक्कम 6व्या वेतन आयोगाच्या वेळी आली, 7व्यात वाढली. दरमहा जवान ते सुभेदार मेजर सगळ्यांना 5,200 रुपये, लष्करी परिचारिका सेवेला 10,800 आणि ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना 15,500. तिला ‘पे’ म्हटले आहे ते मुद्दाम. महागाई भत्ता काढताना ती मूळ वेतनात मिळवतात, आणि पेन्शनलाही धरतात.

हिशेब मांडून बघा. नवा शिपाई वेतन तक्त्याच्या तिसऱ्या स्तरावर 21,700 पासून सुरू होतो. त्यात 5,200 मिळवले की 26,900, आणि महागाई भत्ता या 26,900 वर लागतो. आता हवालदार घ्या: पाचवा स्तर, निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन 37,000. अधिक 5,200 म्हणजे 42,200, त्याचे निम्मे 21,100 पेन्शन. हीच रक्कम भत्ता असती तर पेन्शन 18,500 झाली असती. दरमहा 2,600 चा फरक, वर त्यावरची महागाई वाढ, आणि हे त्या माणसाच्या हयातीभर. म्हणून ‘लष्करी सेवा वेतन’च लिहा आणि पहिल्या उल्लेखाला ‘मूळ वेतनाखेरीज मिळणारे’ एवढी जोड द्या.

एक बारकावा मात्र आहे. वार्षिक वेतनवाढ काढताना आणि घरभाड्याच्या हिशेबात ही रक्कम धरत नाहीत. पूर्ण वेतनाचा मान तिला मिळालेला नाही.

मोडीवाचक
भत्ता शब्दाचे मूळ बहुतेक जण ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, भात, इथपर्यंत नेतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भक्तवेतन’ अशी जोडीच आहे: भक्त म्हणजे शिधा, वेतन म्हणजे रोख. तिथे सेनापतीला 48,000 पण (हे त्या काळचे नाणे) आणि शिकवून तयार केलेल्या पायदळ सैनिकाला 500 पण. हिशेबनीस आणि लेखकही त्याच 500 च्या ओळीत बसवले आहेत. त्याच प्रकरणात कामावर मेलेल्यांच्या मुला-बायकोला भक्तवेतन मिळावे, असेही आहे.

कंपनी सरकारच्या फौजेत हाच शब्द ‘बट्टा’ होऊन गेला. मोहिमेवर, छावणीबाहेर असताना मिळायची ती वाढीव रक्कम. प्लासीनंतर बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट भत्त्याची सवय लागली होती. बंगालचा गव्हर्नर क्लाइव्हने 1766 साली तो बंद केला, तर मुंगेरला अधिकाऱ्यांनीच बंड केले. सिंधचे प्रकरण तर शब्दार्थाचेच. परमुलखात लढणाऱ्या शिपायांना ज्यादा भत्ता असे. 1843 मध्ये सिंध जिंकला आणि कंपनीने सांगितले की आता हा मुलूख आपला, परका नाही, सबब भत्ता बंद. वाळवंट तेच, ताप तोच, घरापासूनचे अंतर तेवढेच. 1844 मध्ये बंगालच्या देशी पलटणींनी तिकडे जायचे नाकारले. भत्त्याचा स्वभाव तेव्हापासून हाच आहे: तो जागेला आणि परिस्थितीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. वेतन माणसाला चिकटते.

शिरोरेघ
हे फार उपयोगी. मग ‘पगार’ आणि ‘तनखा’? मूळ मजकुरात लेखक ‘पे’, ‘सॅलरी’ आणि ‘कॉम्पेन्सेशन’ आलटून पालटून वापरतो.

मोडीवाचक
पगार पोर्तुगीजांकडून आला, तिकडे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. बोलण्यात तोच ठेवा. जवानाच्या घरी कोणी ‘वेतन आले का’ विचारत नाही. तनखा टाळा. हिंदीत तनख्वाह म्हणजे साधा पगार, पण मराठीत संस्थानिकांचे तनखे, 1971 ला बंद झालेले, एवढाच अर्थ डोक्यात येतो.

मराठी दप्तरातले शब्द मात्र बघण्यासारखे आहेत. ‘रोजमुरा’ हा फौजेचा नेहमीचा पगार. ‘तैनात’ म्हणजे नेमून दिलेले वेतन; आज आपण तैनात म्हणजे कामावर उभा केलेला एवढेच समजतो, पूर्वी त्यात पैसाही होता. ‘नालबंदी’ ही शिलेदाराला मोहिमेआधी दिलेली उचल, घोडा नि सरंजाम तयार करण्यासाठी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी, म्हणून दोघांच्या पैशांत फरक. घोडा मेला तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न त्या दोन शब्दांतच मिटवला होता. आणि लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना मिळे ती ‘बालपरवेशी’. या शब्दात देणाऱ्याचा मोठेपणा नाही, घेणाऱ्याची गरज आहे.

जमाखर्च
‘वेतन पेन्शनला धरतात, भत्ता नाही’ या वरच्या नियमाला एक अपवाद आहे, तो नोंदवायलाच हवा. जवानांना मिळणारा वर्गीकरण भत्ता (क्लासिफिकेशन अलाउन्स) नावाने भत्ता आहे, तरी पेन्शनच्या हिशेबात येतो. ‘एक्स ग्रुप पे’ म्हणजे तांत्रिक गटातल्या जवानांची जादा रक्कम, तीसुद्धा येते. म्हणजे नुसते नाव बघून चालत नाही. ‘पेन्शनला धरतात का?’ हे विचारावेच लागते. नियमात यासाठी ‘रेकनेबल इमॉल्युमेंट्स’ आहे. त्याला ‘गणनीय परिलब्धी’ म्हणणारा मराठी माणूस मला कळला नाही. ‘पेन्शनला धरले जाणारे वेतन’ लिहा, चार शब्द गेले तरी चालतील.

बाकीचे भत्ते खरोखर जागेचे. सियाचीनचा घ्या. 2017 मध्ये सरकारने तो अधिकाऱ्यांना 42,500 आणि जवान-जेसीओंना (जेसीओ म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 30,000 केला. ऐकायला मोठा आकडा. पण ठाण्यावरून खाली उतरल्यावर तो थांबतो आणि पेन्शनमध्ये त्याचा एक रुपयाही नाही. थंडी दोघांना सारखीच लागते, मग दोन आकडे का, हा प्रश्न उघड आहे. भत्ता कष्टाचा असेल तर हुद्द्याचा संबंध काय? माझ्या मते या फरकाचे समर्थन करता येत नाही. ‘हार्डशिप’ला ‘कष्ट’ म्हणू नका, तो कुठल्याही नोकरीत असतो. ‘खडतर’ बरा: जोखीम व खडतर सेवा भत्ता.

आणखी एक कामाचा शब्द: ‘पार्ट टू ऑर्डर’. युनिटच्या कार्यालयातून हा आदेश निघाला की मग वेतन कार्यालय पैसे चालू किंवा बंद करते. कुठे गेला, कधी उतरला, लग्न, मूल, बढती, सगळे त्यात. चढल्याचा आदेश उशिरा निघाला तर थकबाकी, उतरल्याचा उशिरा निघाला तर पुढच्या पगारांतून वसुली. ‘पगार कापला’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा ही वसुली असते, म्हणून भाषांतरात ‘कपात’ आणि ‘वसुली’ वेगळे ठेवा. कपात म्हणजे भविष्य निर्वाह निधी, विमा वगैरे. वसुली म्हणजे आधी जास्त गेलेले परत घेणे.

कोयनाकाठ
अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले सैनिक; त्यांना शेवटी मिळणाऱ्या ‘सेवानिधी’वर कोणी लिहिले नाही. मराठीत ‘निधी’ म्हटले की ध्वजदिन निधी, साहाय्यता निधी आठवतात, म्हणजे कोणीतरी दिलेले. त्यामुळे ‘सरकार चार वर्षांनी 11.71 लाख देते’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ते अर्धवट आहे. अग्निवीराला महिन्याला पहिल्या वर्षी 30,000, मग वर्षागणिक 33,000, 36,500, 40,000. यातून दरमहा 30 टक्के कापले जातात. पहिल्या वर्षी 9,000 गेले की हातात 21,000. चार वर्षांची कपात 5,02,200 होते. सरकार तेवढेच घालते आणि वर व्याज. मुद्दलातला निम्मा पैसा त्या पोराचाच.

30,000 ला ‘मूळ वेतन’ही म्हणू नका. त्यावर महागाई भत्ता नाही, लष्करी सेवा वेतन नाही, पुढे ग्रॅच्युइटी आणि पेन्शन नाही. जोखमीचे, गणवेशाचे, रेशनचे भत्ते आहेत, पण पाया वेगळा. योजना जाहीर झाली त्या जून 2022 मध्ये महागाई भत्ता 34 टक्के होता. तेव्हा नियमित शिपायाचे 26,900 अधिक 34 टक्के म्हणजे 36,046 होत. ‘21,700 ऐवजी 30,000’ ही तुलना म्हणूनच फसवी. एका बाजूला फक्त पाया मोजला, दुसऱ्या बाजूला सगळी इमारत. ‘ठोक मासिक रक्कम’ हा शब्द मला नेमका वाटतो.

लेखानियम
सहमत. अशीच गफलत ‘वन रँक वन पेन्शन’मध्ये होते. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या भाषांतरातून अर्धी व्याख्या गळते. हुद्दा सारखा असून भागत नाही, सेवेची वर्षेही सारखी हवीत. मग निवृत्तीची तारीख कोणतीही असो. 17 वर्षे सेवा झालेला हवालदार आणि 24 वर्षे सेवा झालेला हवालदार यांची पेन्शन सारखी होणार नाही. 2015 च्या आदेशात, 1 जुलै 2014 पासून लागू, किमान आणि कमाल पेन्शनची सरासरी काढायची आणि दर 5 वर्षांनी फेरनिश्चिती करायची असे ठरले. भांडण ‘आपोआप’ या शब्दावर होते: वाढ आपोआप जुन्या निवृत्तांपर्यंत पोचावी, की पाच वर्षांनी? सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये सरकारची पद्धत ग्राह्य धरली.

शिरोरेघ
अपंगत्वाच्या परिच्छेदात ‘ॲट्रिब्युटेबल टू ऑर ॲग्रव्हेटेड बाय’ आहे. ‘सेवेमुळे झालेले किंवा वाढलेले’ चालेल?

जमाखर्च
‘सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले’ करा. आजार बळावतो हे रोजचे मराठी आहे, आणि कायद्याचा मुद्दा नेमका तोच: आजार आधीपासून असेल, पण नोकरीच्या परिस्थितीने बळावला. हे दोन शब्द वैद्यकीय मंडळाच्या कागदावर नसले तर टक्केवारी कितीही असो, सेवेशी संबंध लागत नाही आणि पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळत नाही. निवृत्तीच्या वेळी अपंगत्व 20 टक्क्यांखाली धरले तरीही मिळत नाही.

मृत्यूनंतरच्या पैशांतही तसेच. साधे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, सेवेमुळे मृत्यू झाला तर विशेष, 60 टक्के, आणि लढाईत गेला तर उदारीकृत, म्हणजे शेवटच्या वेतनाइतके पूर्ण. पण ‘उदारीकृत’ आणि ‘सानुग्रह’ हे दोन्ही शब्द एका वाक्यात आले की वाचकाला दोन्ही दया वाटतात. सानुग्रह रक्कम एकदाच मिळते, ती कृपा म्हणून दिलेली असते. उदारीकृत पेन्शन नियमाने ठरलेला हक्क आहे. पहिल्याला ‘मदत’ म्हणा, दुसऱ्याला कधीही म्हणू नका.

मोडीवाचक
आता शीर्षक. ‘वाजवी’ बाजारभावाला बसतो, बाजारात या कामाचा भाव नाही. ‘न्याय्य’ म्हटले की कोर्ट डोळ्यांपुढे येते. ‘रास्त’ मूळ फारसी, अर्थ सरळ, वाकडा नसलेला. रास्त भाव दुकानामुळे त्यात ‘परवडेल असा’ ही छटा आली आहे खरी, तरी ‘रास्त मागणी’मध्ये मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ‘कॉम्पेन्सेशन’ला मोबदला नको, तो जमीन संपादनाचा झाला. मानधन तर मुळीच नको. ज्याला कायम कर्मचारी मानायचे नाही त्याला आपण मानधन देतो.

शिरोरेघ
मग शीर्षक ‘सैनिकाला रास्त वेतन मिळते का?’ असे घेते आणि पहिल्या परिच्छेदात वेतन, भत्ता, पेन्शन वेगवेगळे सोडवते. सेवानिधीला चौकट, त्यात 9,000 ची कपात पहिल्या ओळीत.

कोयनाकाठ
चौकटीत ‘हातात येणारे’ असा शब्द घाला. ‘निव्वळ’ म्हटले तर कोणी थांबून वाचत नाही.