अनुमानाच्या प्रश्नांना ‘मनातले ओळखण्याचा खेळ’ म्हणणे मला मान्य नाही

अबोली :
उताऱ्यावरील अनुमानाचे प्रश्न म्हणजे परीक्षकाच्या मनातले ओळखण्याचा खेळ, ते प्रमाणित परीक्षांतून काढूनच टाकावेत, असे काल येथे एकाने लिहिले. मला ते मुळीच पटलेले नाही. हे वाक्य पाहा : ‘ओली छत्री दाराशी टेकवून तो आत आला, त्याने घड्याळाकडे पाहिले आणि सर्वांची माफी मागितली.’ त्याला उशीर झाला होता हे शब्दांत लिहिलेले नसले, तरी वाक्य ते सांगते. ‘पावसामुळे उशीर झाला’ हे मात्र आपण पदरचे घालतो. पदरचे कोणते आणि उताऱ्यातले कोणते, हे ओळखता येणे म्हणजेच वाचन. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत २०१६ पासून काही वर्षे, दिलेल्या उत्तराला आधार ठरणाऱ्या ओळीही निवडाव्या लागत, त्यामागे हाच विचार होता.

मुक्तछंद :
ते लिहिणारा मीच. मग तुमच्या वाक्यात ओली छत्री आली कशाला? पाऊस आणि उशीर यांची सांगड कोणीही घालील, आणि तुम्ही नेमके त्याचेच गुण कापता. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांच्या १९८८ च्या अभ्यासात बेसबॉलवरचा उतारा वाचल्यावर, वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा सरस ठरली होती. तुम्ही मोजता ते वाचन, की विषयाची ओळख?

निवृत्त शिक्षक :
खरा रोग शिकवणीत आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘एकही’ असा शब्द दिसला की पर्याय बाद, हे मुलांकडून घोकून घेतले जाते. एका उताऱ्यात बारा कुंड्यांत बिया पेरल्या होत्या आणि महिन्यानंतरही बाराही कुंड्यांत नुसती माती दिसत होती. ‘एकही बी उगवले नाही’ हा बरोबर पर्याय माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने खोडला, आणि वर मलाच विचारले, “‘एकही’ असले की ते चुकीचेच असते ना?” मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

सावली :
मी शिकवणी घेते, म्हणून हे मला लागले. वेळ संपत आलेला असताना घाबरलेल्या मुलाच्या हाती काहीतरी द्यावेच लागते. एका मुलीवरून आम्हा सर्वांना रोगी ठरवू नका!

निवृत्त शिक्षक :
हाती उतारा द्या. शब्द पाहून पर्याय खोडणाऱ्या मुलाने उतारा वाचलेलाच नसतो, आणि ती सवय तुम्ही लावता.

सावली :
हा नियम शेवटचा उपाय म्हणून सांगायला हवा, पहिला म्हणून नव्हे, एवढे मान्य करते. त्यापलीकडे एक शब्दही नाही.

मुक्तछंद :
म्हणजे परीक्षा डावपेच मोजते, हे माझेच म्हणणे झाले.

अबोली :
नाही. डावपेच फसला तो उताऱ्यापुढेच, कारण कुंड्यांत नुसती माती होती. छत्रीबाबत मात्र नाइलाजाने मान्य करते की, ‘केवळ उताऱ्याच्या आधारे’ असे प्रश्नात स्पष्ट लिहिल्याशिवाय ‘पावसामुळे उशीर झाला’ हा चुकीचा पर्याय म्हणून देणे अन्यायाचे ठरेल. पण गुण कापण्याविषयी मी अवाक्षरही लिहिले नव्हते; ते तुम्ही माझ्या वाक्यातून काढले, आणि बरोबर काढले.

मुक्तछंद :
आधार उताऱ्यात दाखवता येईल तेवढेच विचारणार असाल, तर प्रश्न राहू द्या. बेसबॉलचे उत्तर मात्र तुम्ही अजून दिलेले नाही.