शब्दचर्चा: क्लॉक 'बंद करणे' याला नेमका शब्द कोणता?

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत लिनक्सचे ड्रायव्हर (हार्डवेअरचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम) लिहितो, आणि सध्या नवीन पोरापोरींसाठी मराठीत टिपणं काढायला घेतलीत, कारण समजावताना आम्ही मराठीत बोलतो आणि वहीत मात्र इंग्रजी उतरवतो, त्यात निम्मा अर्थ सांडतो. अडलंय ते बस क्लॉकपाशी, म्हणजे चिपमधल्या भागांना जोडणारी सामाईक वाट (बस) ज्याच्या तालावर चालते त्या क्लॉकपाशी.

बस राहू द्या. लॅटिनमधल्या ओम्निबसची ती शेपटी, म्हणजे 'सगळ्यांसाठी', आणि ठक्कर बाजारातून सुटणारी काय किंवा चिपमधली काय, दोन्ही सगळ्यांच्या सामाईकच. पण क्लॉकला 'घड्याळ' नको बुवा, तो वेळ सांगत नाही, ठोके देतो. २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल म्हणजे सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके, आणि त्या ठोक्यावर आतलं एकेक पाऊल पडतं. इंग्रजी क्लॉक पण मूळचा घंटेवरूनच आलाय आणि आपला 'तास' सुद्धा आधी वाजवायची थाळीच, मग 'ठोका' काय वाईट?

खरा घोळ क्रियापदात आहे. क्लॉक डिसेबल याला सगळे 'बंद करणे' लिहितात, मी पण लिहायचो, आणि त्याच शब्दानं मला दोन दिवस रडवलंय. माझा ड्रायव्हर काम झालं की बस क्लॉक 'बंद' करायचा, आणि इंटरप्ट (हार्डवेअरनं 'इकडे बघ' म्हणून दिलेली हाक) आला की एक स्टेटस रजिस्टर (हार्डवेअरची स्थिती सांगणारा कप्पा) वाचायचा, परत चालू न करताच. चुकीचंच होतं ते, कारण रजिस्टरपर्यंत पोचायला बस क्लॉक लागतोच. तरी कित्येक महिने मस्त चाललं. मग नवीन बोर्डावरून शेजारचा एक भाग काढला आणि बोर्ड गोठायला लागला, कन्सोलवर शेवटची ओळ अर्धीच, पुढे ना एरर ना काही. शेवटी जुन्या बोर्डावर क्लॉक समरी (कुठला क्लॉक कितींनी धरलाय ती यादी) उघडली, तर मी डिसेबल करून मोकळा झाल्यावरही त्या क्लॉकसमोर आकडा १ होता. शेजारच्या ड्रायव्हरनं तोच क्लॉक धरून ठेवलेला! म्हणजे मी इतके दिवस काहीच 'बंद' करत नव्हतो, फक्त मोजणीतला माझा एक कमी करत होतो. आकडा शून्य झाला तरच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो खरा थांबवतो.

तर 'बंद करणे' नको, पण मग काय?

प्रतिसाद:
तबला शिकतो म्हणून सांगतो, ठोका बरोबर, कुणी 'ठेका' सुचवेल तर घेऊ नका दादा, ठेका म्हणजे बोलांची अख्खी बांधणी. एका सायकलला 'आवर्तन' म्हणता येईल का?

प्रतिसाद:
आमच्याकडे येवल्यात आवर्तन म्हटलं की पालखेडच्या डाव्या कालव्याचं पाणी, पेपरात तेच छापून येतं, त्यामुळे गोंधळ होईल. पण दादा तुम्ही जे सांगताय ते हुबेहूब चारीवरचं (कालव्यातून रानाकडे येणाऱ्या पाटावरचं) आहे. माझं रान भिजलं म्हणून मी काही कालवा बंद करत नाही, खाली अजून दोघं दारं धरून उभे असतात. आपण सात नंबरचा अर्ज भरतो ती पाण्याची मागणी. कालवा सोडणं न सोडणं खात्याकडे. 'मागणी' शब्द का नाही वापरत?

मूळ लेखक:
ताई, हाच! इतके दिवस डोक्यात घोळत होतं ते तुम्ही एका शब्दात दिलंत. एनेबल म्हणजे मागणी नोंदवणे, डिसेबल म्हणजे मागणी मागे घेणे. मग नोंदवलेलीच मागणी मागे घेता येते हेही आपोआप कळतं. आमच्यातल्या एकीनं परवा एकाच्या जागी दोनदा डिसेबल लिहिलं तर कर्नलनं 'ऑलरेडी डिसेबल्ड' म्हणून वॉर्निंग ओतली, तिला मी तासभर समजावत होतो.

आणि यातून प्रिपेअर पण सुटतो. २०१२ साली कर्नल ३.४ मध्ये कॉमन क्लॉक फ्रेमवर्क (क्लॉक सांभाळणारा सामाईक कोड) आलं, त्यात प्रिपेअर आणि एनेबल या वेगळ्या पायऱ्या आहेत, पोरं विचारतात दोन कशाला. धरणातून सोडलेलं पाणी येवल्याला पोचायला वेळ लागतो, तसं पीएलएल (क्रिस्टलच्या ठोक्यांवरून वेगळ्या वेगाचे ठोके बनवणारं सर्किट) स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रिपेअरला झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची मुभा, तो इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) चालत नाही. एनेबल म्हणजे दाराशी आलेलं पाणी वाफ्यात घेणं, फावड्याचं एक काम, ते झटक्यात व्हायला पाहिजे, झोपायचं नाही. प्रिपेअरला मी 'पाणी दारापर्यंत आणणे' असं लांबलचक लिहिलंय, छोटा शब्द असेल तर सांगा.

प्रतिसाद:
लांबलचकच ठेवा दादा. फक्त 'दारापर्यंत' नको, 'चारीपर्यंत' लिहा, दार ज्याचं त्याचं वेगळं असतं, चारी सगळ्यांची.

मूळ लेखक:
बरोबर, बदलतो. मागणीची मोजणी पण चारीवरच होते.