अफवा रचायला शिकवणारे संकेतस्थळ मुलांच्या हाती द्यावे का?

गिरगावकर : महाविद्यालयीन मुलांसाठी एक संकेतस्थळ करावे, त्यात खेळणाऱ्याने स्वतः खोट्या बातम्या रचून अनुयायी वाढवावेत आणि बिल्ले मिळवावेत, असे काल एका सदस्याने इथे सुचवले. केंब्रिजच्या संशोधकांच्या सहभागाने २०१८ मध्ये आलेला ‘बॅड न्यूज’ हा खेळ असाच आहे. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना ठार मारले. ज्या प्रकारच्या अफवेने माणसे मारली, तिचा सराव मुलांकडून करून घेणे मला मुळीच मान्य नाही.

प्रभादेवी : राईनपाड्याचे नाव घेतले की समोरच्याला बोलताच येत नाही, ही चर्चेची रीत नव्हे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली कल्पना लसीसारखी आहे : फसवणुकीची सौम्य मात्रा आधी दिली, तर मन पुढच्या हल्ल्याला तोंड देते. तज्ज्ञाचे सोंग, संताप आणणारा मथळा, कटाची कथा हे डाव स्वतः टाकून पाहिलेला मुलगा ते लवकर ओळखतो.

मुलुंडची सून : ओळखतो, पण मग खऱ्यालाही खोटे म्हणू लागतो. अशाच एका कार्यशाळेहून आल्यावर सासऱ्यांनी पाणीकपातीचा खरा संदेश अफवा ठरवला आणि आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांकडून बादल्या आणल्या. अशा खेळांमुळे पारख न वाढता सरसकट संशय वाढतो, असे आधीच्या अभ्यासांची आकडेवारी पुन्हा तपासणाऱ्या २०२३ मधल्या एका पुनर्विश्लेषणातही आढळले होते.

बोरिवली पूर्व : दर वेळी सासरेच का? माझा अभियंता भाचा ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ या संदेशाला फसला आणि पगार गमावून बसला. त्याला कोणी कार्यशाळेला बसवले नाही.

प्रभादेवी : ती आर्थिक फसवणूक आहे, अफवा नव्हे. कृपया विषय सोडू नका.

बोरिवली पूर्व : ज्याचे पैसे गेले, त्याला हा फरक समजावून सांगा! ‘साडेनऊला’ आणि ‘लगेच सगळ्यांना पाठवा’ यांत एकच डाव आहे, विचार करायला वेळ मिळू द्यायचा नाही. साठी ओलांडलेलेच भोळे असतात असे समजून संकेतस्थळ बांधाल, तर घाईत लोकलमध्ये अंगठा चालवणारे तरुण त्यातून सुटतील.

प्रभादेवी : घाईचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. खेळात तो डाव हवाच.

मुलुंडची सून : आणि निम्मे संदेश खरे हवेत, तेही मराठीत, सोसायटीच्या ग्रुपवर येतात तसे. खरा संदेश खोटा ठरवला तरी गुण कापले गेले पाहिजेत.

गिरगावकर : तसे असेल, तर माझी मुलगी खेळली तरी माझी हरकत नाही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी ५ चॅटवरच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, तोही घाईलाच घातलेला अडसर होता. संकेतस्थळाने तो थांबा मनाला शिकवावा. अनुयायी वाढवल्याबद्दल बिल्ला देण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

प्रभादेवी : बिल्ल्यांशिवाय मुले दुसऱ्या पानापर्यंतही जाणार नाहीत.

गिरगावकर : मग संदेश न पाठवता थांबल्याबद्दल द्या.