गृहकर्जाचा हप्ता झेपत नाहीये

प्रश्न: चिखलीत वन बीएचके, कर्ज २८ लाख, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता २५,२००. मार्चमध्ये नोकरी गेली, नव्या ठिकाणी ३४ हजारच मिळतात. दोन हप्ते थकलेत. बँकेचं पत्र आलं की आई देवघरातल्या समईखाली ठेवते आणि गप्प बसते. घर जाऊ द्यायचं नाहीये मला.

उत्तर १: दादा, थकबाकी ९० दिवसांपुढे जाऊ देऊ नका. खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरलं, की सरफेसीची (बँकेला तारण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. कर्जाची मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज बँकेत द्या, पोच घ्याच.

उत्तर २: आम्ही तेच केलं. तुमची मुदत ३० वर्षं झाली तर हप्ता साधारण २२,५०० बसेल. व्याज मात्र खूप वाढतं. पगार वाढला की मुद्दलात भरा, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या कर्जाला त्याचा दंड नसतो.

प्रश्नकर्ता: ताई, उद्याच अर्ज घेऊन जातो.